मित्राच्या मापाची गाडी

शिरूर
२ सप्टेंबर २०२४

विल्यमभाऊंना हमीदाचा सलाम.

तुम्हाला फोनवर ऐकू येत न्हाई आन् इथं मी फोनवर बोलले की यांना ऐकू जातं, म्हणून चिठ्ठीच बरी. वाचून फाडून टाका. उत्तर द्यायचं तर शेजारच्या सायमाच्या पत्त्यावर टाका. तुमच्या दोस्ताला कळलं तर माझी खैर न्हाई.

त्यांनी तुम्हाला लिहिलं असंल की तब्येत झकास हाय आन् गॅरेजात कामाला उसंत न्हाई. यातलं एक बी खरं न्हाई. साखरेनं डाव्या पायाची तीन बोटं गेली, जानेवारीत. जखम भरली, पण घोट्याखाली पायात जीव न्हाई. काठी टेकत मोरीपर्यंत जातात आन् परत येतात. गॅरेज घरापासून तीन किलोमीटर. ज्ञानू वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काम करतो, तो म्हणला, मालक, मी रोज टेम्पो घेऊन येतो न्यायला. तर म्हणाले, मी ड्रायवर हाय, पोतं न्हाई. इम्रानच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसत न्हाईत. रिक्षात बसत न्हाईत. आठ महिन्यांत उंबरा ओलांडला तो फक्त दवाखान्यासाठी, ते बी रागारागानं.

इम्रान म्हणतो, मालकच येत न्हाई तर गॅरेज ठेवायचं कशाला. नव्या वर्षापासून टायरवाल्याला भाड्यानं देऊ, आन् तुम्ही दोघं शिक्रापूरला माझ्याकडं चला. चौथा मजला हाय. पोरगा वाईट न्हाई, भाऊ. त्याच्या जागी त्याचं बरोबरच हाय. पण हा माणूस चौथ्या मजल्यावर गेला तर गॅलरीत बसून खालच्या ट्रकांचे आवाज ऐकंल आन् कुणाचं काय बिघडलंय ते सांगत बसंल, आन् ऐकायला मी एकटी असंन. वरीसभर बी टिकायचे न्हाईत ते. मला भीती वाटती.

तुम्ही रेल्वेत होता, तुम्हाला सुचतं. काही सुचलं तर बघा.

हमीदा

•

दौंड
९ सप्टेंबर २०२४

प्रिय कासम,
सप्रेम सलाम.

तुझी तब्येत झकास आहे आणि गॅरेजात कामाला उसंत नाही, हे तुझ्या मागच्या पत्रातून कळलं. बरं वाटलं. माझंही तसंच चाललं आहे.

आता काम. माझी निळी आठशे तुला आठवत असेल, अठ्ठ्याण्णवची. कानांनी दगा दिल्यापासून प्रेमा मला ती गल्लीबाहेर नेऊ देत नाही. दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. तळाला गंज चढला आहे, बॅटरी मेली आहे, मागच्या सीटखाली उंदरांनी संसार थाटला आहे. ही गाडी मला एका मित्राला द्यायची आहे.

या मित्राचा डावा पाय निकामी झाला आहे. उजवा ठणठणीत आहे आणि हातांबद्दल तर प्रश्नच नाही. तेव्हा क्लच पायाऐवजी हातानं दाबता येईल अशी सोय करून हवी. नव्या वस्तू आणू नकोस, माझ्या पेन्शनला ते झेपणार नाही. भंगारातून जमेल ते जमव. त्यात तुझा हात धरणारा कोणी नाही. मित्र जवळजवळ सहा फूट उंच आहे, सीट मागे असू दे.

माणूस फार मानी आहे, म्हणून त्याचं नाव विचारू नकोस. बरेच महिने घरात बसून आहे. नव्या वर्षाच्या आत तो स्वतः गाडी चालवत बाहेर पडला नाही, तर पुढं कधी पडेल असं मला वाटत नाही. म्हणून घाई.

मला येणं जमणार नाही. माझा भाचा जॉन गाडी ओढून आणून देईल.

तुझा,
विल्यम

•

शिरूर
१७ सप्टेंबर २०२४

विल्या, सलाम.

गाडी पोचली, जॉन पोचला, उंदीर बी पोचले. गॅरेजात सध्या पाय ठेवायला जागा न्हाई, तवा गाडी घरामागं बदामाखाली लावून घेतली. इथं निवांत काम व्हतं.

आता तुझा मित्र. मी तुला पन्नास वर्षं वळखतो. दौंडच्या ग्राउंडवर तू माझ्या बगलेखालनं बॉल काढून पळायचास, वाकावं सुदीक लागायचं न्हाई तुला, तवापास्नं. तुझे मित्र किती ते मला म्हाईत हाय. एक मी. दुसरा तुमच्या चर्चमधला पेटीवाला, त्याला जाऊन चार वर्षं झाली. मग हा सहा फुटी कुठनं उगवला?

जॉनला इचारलं, मामाची तब्येत कशी हाय रे. तो कपातल्या चहाकडं बघत बसला. मामाचे पाय कसे हायत इचारलं, तर म्हणला, मामांनी पायाबद्दल काई बोलू नको म्हणून सांगितलंय. पोरगं सरळ हाय, त्याला खोटं बोलता येत न्हाई. मग मला गेल्या वर्षीच्या ईस्टरचं आठवलं. पेरूच्या झाडावरनं पडून डाव्या घोट्याला पट्टी बांधून बसला व्हतास आन् म्हणत व्हतास, जरासं मुरगळलंय.

मी काई इचारणार न्हाई. मानी माणसाला इचारायचं नसतं, एवढं मला कळतं. तुझ्या मित्राला सांग, कासम हाय. आन् ते सहा फुटाचं बी मी ध्यानात घेतलं.

कासम

(त्याच पाकिटात वहीच्या कागदाचा तुकडा)

विल्यमभाऊ, पाकीट डकवून पोस्टात टाकायचं काम माझ्याकडं हाय, म्हणून हे घालता आलं. यांना वाटतंय, पाय तुमचा गेलाय आन् तुम्ही मित्राचं नाव पुढं करताय. काल ताटावर बसल्या बसल्या रडले. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, सोताची बोटं गेली तवा बी रडले न्हाईत. आता मी काय बोलू? — हमीदा

•

दौंड
२३ सप्टेंबर २०२४

हमीदावहिनींना विल्यमचा सलाम.

काही बोलू नका. वाटू दे.

मी हे असं ठरवलं नव्हतं. मला वाटलं होतं, गाडी तयार झाली की एक दिवस येऊन सांगेन, मित्र म्हणजे तूच. त्यानं असा अर्थ काढला हे आपलं नशीब समजा. माझा पाय गेला म्हणून तो पाना उचलतो आहे. स्वतःच्या पायासाठी त्यानं साधी खिळ्याएवढी वस्तू उचलली नसती, हे तुम्हीही जाणता.

प्रेमा म्हणते, हे पाप आहे. मी पत्र पुन्हा वाचून पाहिलं, त्यात एकही वाक्य खोटं नाही. मित्र आहे, मानी आहे, सहा फूट आहे. जॉनलाही मी खोटं बोल म्हटलं नव्हतं, गप्प बस म्हटलं होतं. तरीही तो रडला हे वाचून मला दोन दिवस चैन पडली नाही. त्याला रडताना मी पाहिलेलंच नाही.

तेवढी सीट मागे ठेवायची त्याला आठवण करत राहा.

विल्यम

•

शिरूर
७ ऑक्टोबर २०२४

विल्या,

काम लागलंय मार्गी. तळाचा गंज घासून ज्ञानूनं पत्र्याची ठिगळं मारली. पत्रा कुठला म्हणशील, तर कारेगावला कंपनीच्या दाराशी भंगारवाला बसतो, त्याच्याकडचा. नव्यापेक्षा जाड हाय.

आता क्लच. गिअरच्या दांडीवर मोटारसायकलचा लिव्हर बसवला. म्हंजी डाव्या हातानं गिअर टाकायचा आन् त्याच हाताच्या बोटांनी लिव्हर दाबायचा, की क्लच दबला. दिसायला झ्याक. पण दाबायला गेलो तर दबतोय कुठला. ज्ञानू दणकट गडी, त्याची बोटं पांढरीफटक पडली. मग तीन दिवस डोकं खाजवलं. उसाच्या ट्रॉलीची तुटकी पट्टी व्हती, तिच्यातनं मधी एक आडवी दांडी तयार केली, एक टोक आखूड, एक लांब. लांब टोकाला लिव्हरची तार, आखूड टोकाला क्लच. आता हमीदा बी दोन बोटांनी दाबती.

तू लिहिशील, रेल्वेत हवेच्या दाबावर काम व्हतं, तसं कर. ते मनात बी आणू नको. तुझ्या इंजिनामागं वीस डबे असत्यात, हिच्यात चार माणसं बसणार आन् एक टिफिन.

ट्रायल मीच घेतो. डावा पाय अजिबात वापरायचा न्हाई, नुसता बाजूला सोडून द्यायचा, हे लोकांना जमत न्हाई. ज्ञानूचा पाय सारखा जुन्या जागी जातो. मला पहिल्या झटक्यात जमलं.

कासम

•

दौंड
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय कासम,

आडव्या दांडीची आकृती पाहिली. हवेच्या दाबाचं मी लिहिणारच होतो, कागद फाडून टाकला. तुझी युक्ती चांगली आहे. शेडमध्ये चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाचं हे प्रमाणपत्र समज.

एक अडचण आहे. मित्राची. गाडी तयार होईल, पण तो तीत बसेल का याची मला खात्री नाही. त्याला वाटतं, लोक बघतील. ज्यानं तालुक्यातल्या निम्म्या गाड्या चालवून पाहिल्या, तो आता हातानं क्लच दाबतो म्हणून हसतील. शिवाय दुसऱ्यानं दिलेली गाडी घ्यायची म्हणजे त्याला भीक वाटेल. असा माणूस तुझ्यासमोर बसला असता, तर तू त्याला काय सांगितलं असतंस? जरा सविस्तर लिही. मी जसंच्या तसं त्याच्यापर्यंत पोचवीन.

आणि त्याची उंची विसरू नकोस.

तुझा,
विल्यम

•

शिरूर
२७ ऑक्टोबर २०२४

विल्या,

तुझ्या मित्राला हे वाचून दाखव. मोठ्यानं.

गड्या, तुला चाळीशी लागली तवा तू चष्मा घेतलास. तवा लाज वाटली का? डोळ्याला काच लावली तशी हाताला तार लावली, एवढंच हाय. लोक बघतील म्हणतोस. बघू देत की. लोक नव्या गाडीकडं बी बघत्यात. दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी त्यांना त्यांच्या कांद्याच्या भावाचं पडलेलं असंल.

पाय हा गाडीचा पार्ट न्हाई, मालकाचा हाय. गाडीला तो नसला तरी भागतं, हे मी सोता करून बघितलंय. गंज कुठं लागतो ठावं हाय का? उभ्या गाडीला. पळणाऱ्या गाडीचा पत्रा झिजतो, पण कुजत न्हाई. तू घरात बसून राहिलास तर तुझी बायको काय सोसती ते तिला इचार. ती सांगणार न्हाई. तरी इचार.

आन् भिकेचं म्हणशील तर कानाखाली वाजवीन. दोस्तानं दिलेली वस्तू घ्यायला बी छाती लागती. देणाऱ्यापेक्षा जास्ती लागती. मी तुझ्या जागी असतो तर दुसऱ्या दिवशी चावी फिरवून निघालो असतो.

झालं. आता तुला. सीट सात इंच पुढं घेतली, चार इंच उचलली आन् खाली वेल्डिंग मारून टाकलं, सरकायचा सवालच न्हाई. ब्रेकवर आन् अ‍ॅक्सिलेटरवर लाकडी ठोकळे बसवले, पाय पोचावा म्हणून. वर हमीदानं उशी शिवली. तू सहा फूट लिहितोस, लिही बापडा. दोन पत्रांत दोनदा लिहिलंस. पाय गेला तरी माणूस उंच व्हायचा काई सोडत न्हाई.

आरटीओत नोंद करावी लागंल. डॉक्टरचा दाखला लागतो आन् फॉर्मवर मित्राचं नाव. तवा तरी नाव सांगशील ना?

कासम

(सोबत तुकडा)

भाऊ, उशी मी शिवली, माझा नाईलाज होता. सीटचं दहा वेळा म्हणले, तर म्हणाले, तू विल्याला उभा बघितलायस का कधी. काल टायरवाला येऊन गॅरेजाचं माप घेऊन गेला. इम्राननं तसं सांगितलं यांना. हे उठले. काठी टेकत घरामागं गेले, गाडीत बसले आन् दोन तास बसून राहिले. दांडीवरचा लिव्हर दाबत व्हते आन् सोडत व्हते. — हमीदा

•

दौंड
३ नोव्हेंबर २०२४

कासम,

सीटचं वेल्डिंग ताबडतोब काढ. मी गंभीरपणे लिहितो आहे. मित्र सहा फूट आहे. बायबलवर हात ठेवून सांगतो.

बाकी पत्र अप्रतिम आहे. मी ते मोठ्यानं वाचलं. मित्रानं अजून ऐकलेलं नाही, पण ऐकेल. मी ते कपाटात जपून ठेवलं आहे.

विल्यम

•

शिरूर
१३ नोव्हेंबर २०२४

विल्या,

बायबलला कशाला मधी घेतोस.

गाडी तयार हाय. बॅटरी ज्ञानूच्या मेव्हण्याच्या बंद पडलेल्या टेम्पोची. टायर दोन बरे, दोन चालतील असे. हॉर्न मोठा बसवलाय, तुला ऐकू यावा म्हणून. तुझ्या मित्राला म्हंजी.

जॉनला पाठवू नको. अशी गाडी आपल्या माणसाच्या हातात आपल्या माणसानंच द्यायची असती. पहिल्यांदा बसताना त्याचं तोंड कसं व्हईल ते भाच्यानं बघायचं कारण न्हाई. मी सोता घेऊन येतो, रविवारी, सकाळी. गॅरेजातनं सवड न्हाई, पण काढतो. गाडी जशी चालवायची तशीच चालवत येतो, हातानं, म्हंजी तुला रस्त्यावर दाखवता येईल. शेजारी ज्ञानूला बसवतो. साठ किलोमीटरला कुणीतरी गप्प बसणारं पायजे.

तू बाहेर येऊ नको. खुर्चीतच बसून रहा. मी आत येतो.

विल्या, पाय जाणं वाईटच. पण माणूस उरतो. मी हाय.

कासम

•

दौंड
१८ नोव्हेंबर २०२४

हमीदावहिनींना सलाम.

त्यानं तुम्हाला काही सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

प्रेमाचा आग्रह होता की मी पायावर चादर घेऊन खुर्चीत बसावं आणि हळूहळू उलगडा करावा. बसलो. साडेअकराला तिनं खांदा हलवून खूण केली, आले. मी खिडकीतून पाहिलं. निळी आठशे फाटकाशी उभी. शेजारच्या सीटवर ज्ञानू पोत्यासारखा बसलेला. आणि स्टिअरिंगच्या दोन बाजूंना दोन गुडघे, त्यांच्या वर टपाला टेकलेलं डोकं, मान वाकडी, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की तो मी ग्राउंडवरच्या दिवसांनंतर पाहिलेला नाही. न्हावरा, पारगाव, केडगाव करत त्या अवस्थेत तो तीन तास गाडी हाकत आला होता. वहिनी, माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मी चादर टाकून पळत फाटकापर्यंत गेलो.

पळत.

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. पायांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, दोन्ही आहेत. मग मी म्हटलं, मित्र म्हणजे तू.

त्यापुढं तो जे बोलला ते मला ऐकू आलं नाही, नुसते ओठ दिसत होते. प्रेमाला ऐकू आलं. ती मला सांगायला तयार नाही. त्याला गाडीतून उतरून निघून जायचं होतं हे मात्र मला कळलं, कारण तो दार उघडून धडपडत होता. पण त्याला निघताच येईना. सीट सात इंच पुढं, चार इंच वर, आणि वेल्डिंग त्याच्या देखरेखीखालचं. शिरूरहून बसला तो बसलाच होता. म्हणून मग त्याला ऐकून घ्यावं लागलं. मी कपाटातून सत्तावीस ऑक्टोबरचं पत्र आणलं आणि फाटकाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं. चष्मा, गंज, कांद्याचे भाव, कानाखाली, छाती, सगळं. त्याच्या अक्षरात एक दोन ठिकाणी अडखळलो, तर ज्ञानूनं कानाशी ओरडून सांगितलं.

'तुझ्या बायकोला विचार' इथं त्याची दाराशी चाललेली धडपड थांबली.

मग आम्ही तिघांनी मिळून त्याला ओढून काढलं. तो जेवला. माझ्याशी बोलला नाही, भाकरी मात्र प्रेमाकडं दोनदा मागितली. जाताना उशी काढून माझ्या अंगावर फेकली. पुन्हा त्याच गाडीत घडी होऊन बसला आणि चालवत गेला. दुसरा इलाज नव्हता म्हणून गेला, की दुसरं काही, ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं तर कळवा. मी अस्वस्थ आहे.

विल्यम

•

शिरूर
२६ नोव्हेंबर २०२४

विल्यम,

गाडी परत पाठवतो असं लिहायला तीनदा बसलो. मग ध्यानात आलं, परत न्यायची तर चालवत न्यावी लागंल, आन् सोडून आलो तर येताना टेम्पोत ज्ञानूच्या शेजारी बसून यावं लागंल. म्हंजी तू सगळीकडनं दारं लावून घेतली व्हतीस.

तू लबाड हाईस. हमीदा बी लबाड हाय, तिचे तुकडे मला कळले, सायमानं सांगितलं. पण पहिला लबाड मी. पाय गेला तवा तुला कळवलं न्हाई. कळवलं असतं तर तू आला असतास आन् माझ्याकडं बघितलं असतंस. ते बघणं मला नको व्हतं. आन् तुझा पाय गेला असं वाटलं तवा मला घास उतरंना. तुझे दोन्ही पाय शाबूत बघून खरं म्हंजी मला नाचायला पायजे व्हतं. आनंद झाला बी, खोटं कशाला बोलू. पण राग आधी पोचला.

वेल्डिंग ग्राइंडरनं कापलं. सोता कापलं, जमिनीवर बसून. सीट मागं घेतली. ठोकळे काढून डिकीत ठेवलेत, तुझ्या मापाचे हायत. तुझ्या मित्राला कवा लागले तर कळव.

आरटीओचा फॉर्म भरला. नावाच्या जागी माझं नाव घातलं. पुढं एक रकाना हाय, कुठला अवयव. तिथं डावा पाय, असं लिहिलं. लिहून बघितलं तर एवढंसं दिसतं.

रविवारी तिथं मी काय बोललो ते प्रेमाबाईंना इचारू नको.

कासम

•

शिरूर
३० डिसेंबर २०२४

विल्यमभाऊंना हमीदाचा सलाम. प्रेमाबाईंना बी. नाताळचा केक पोचला.

परवा इम्रान टेम्पो घेऊन आला, सामान शिक्रापूरला न्यायला. घरात मी एकटी. म्हणला, अब्बा कुठं हायत. मी म्हणले, मला म्हाईत न्हाई. खरंच म्हाईत न्हवतं. तो गॅरेजवर गेला, तर तिथं ज्ञानू. ज्ञानू म्हणला, मालक राहू गावाला गेलेत, कुणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडलाय. इम्रान संध्याकाळपर्यंत बसला. हे आले ते हॉर्न वाजवत आले, तुमच्यासाठी बसवलाय तो, सगळी गल्ली बाहेर आली. इम्राननं गाडीत वाकून लिव्हर बघितला, दाबून बघितला. मग टायरवाल्याला फोन करून न्हाई म्हणून सांगितलं आन् रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना मला म्हणला, अम्मी, तू तरी चल चार दिवस. पोरगं हिरमुसलं व्हतं. जानेवारीत जाईन म्हणते.

आरटीओचे कागद झाले तवापास्नं यांचा पाय घरात ठरत न्हाई. सकाळी आठला जातात. दुपारचा डबा ज्ञानू नेतो. गोळ्या गाडीत ठेवल्यात म्हणतात, देव जाणे खातात का. काल मी म्हणले, मला बी न्या की कुठं, चव्वेचाळीस वर्षं झाली. तर म्हणाले, शेजारच्या सीटवर हत्यारं असत्यात, मागं बस. मागं उंदरांचा वास अजून गेलेला न्हाई. तरी बसले. न्हावऱ्यापर्यंत जाऊन आलो. भजी खाल्ली.

भाऊ, तुम्हाला सुचतं म्हणून लिहिते. या माणसाला आठवड्यातनं एक दिवस तरी घरात बसवायचं काही जमतंय का बघा.

ही चिठ्ठी फाडायची गरज न्हाई. चोरून वाचायला ते घरात असतात कुठं.

हमीदा